घुमणारा रेकॉर्डर: खाली फोम की डिस्कच बाहेर?

ज्यांच्या घरी रेकॉर्डिंगवाला डीटीएच बॉक्स आहे आणि रात्री हॉलमध्ये कुणीतरी झोपतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वन बीएचकेत हॉल म्हणजे रात्रीची बेडरूमच. दिवसभर रस्त्याची वर्दळ, मिक्सर, वरच्या मजल्यावरची ठाकठोक यांत बॉक्सची दखलही कुणी घेत नाही. रात्री टीव्ही बंद होतो, दिवे मालवतात आणि शोकेसमधून एक बारीक, न थांबणारी घूं ऐकू यायला लागते. कानाने ती पकडली की मग सुटत नाही.

यावर व्यवहारात दोन मार्ग आहेत. पहिला, आहे तोच रेकॉर्डर ठेवायचा आणि त्याचे हादरे फर्निचरपर्यंत पोचणार नाहीत अशी बैठक करून द्यायची. दुसरा, आत फिरती हार्ड डिस्क असलेला बॉक्स सोडून युएसबीवर रेकॉर्डिंग करणारा साधा एचडी बॉक्स घ्यायचा आणि त्याला बाहेरची डिस्क जोडायची. पहिला मी बराच काळ वापरला, आता दुसऱ्यावर आहे. दोन्हींत तथ्य आहे आणि पहिला पुरून उरेल अशी घरंही पुष्कळ असतील. माझं माप कुठे झुकलं ते पुढे सांगतो.

ओटीटी असताना रेकॉर्डर हवा कशाला, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना तो खरंच नको असेल. आमच्याकडे आईला मालिका जाहिराती पुढे ढकलून बघायची असते, मला कसोटीचं शेवटचं सत्र ऑफिसातून आल्यावर पाहायचं असतं आणि सह्याद्रीवरचे जुने संगीताचे कार्यक्रम ठेवून द्यायचे असतात. संध्याकाळी सगळ्या सोसायटीचं नेट एकदम मंदावतं तेव्हा रेकॉर्ड केलेलं मात्र न अडखळता चालतं. तेव्हा रेकॉर्डर हवाच, हे धरून पुढे जाऊ.

आवाज कोणता ते आधी ओळखा

अमेरिकेत १९९९ साली टिवो आणि रिप्लेटीव्ही हे पहिले डिस्कवाले रेकॉर्डर आले. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि चालू कार्यक्रम मध्येच थांबवून चहा टाकायला जाता येतं, हे घरोघरी कळलं. ती सोय द्यायची तर बॉक्सला समोरचं चॅनल सतत डिस्कवर लिहीत राहावं लागतं. तुम्ही रेकॉर्डिंग लावलेलं असो वा नसो, डिस्क फिरतच असते.

अशा बॉक्समध्ये सहसा साडेतीन इंची डिस्क असते आणि ती साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ९०. ऐकू येणारी घूं ती हीच, ९० हर्ट्झ आणि तिच्या पटीतले सूर. तिच्या जोडीला आणखी दोन आवाज असतात. डिस्कवर लिहिणारं-वाचणारं डोकं जागा बदलताना होणारी कुरकुर, आणि बॉक्सला पंखा असेल तर त्याची सूं. पंख्याची सूं वाढली असेल तर आधी धूळ काढा. पात्यांवर बसलेली धूळ तोल बिघडवते आणि भोकं तुंबली की पंखा जोरात पळतो. कुरकुर सहसा कुणाला त्रास देत नाही, कारण ती येते नि जाते. झोप मोडते ती घूंने.

आपल्याकडच्या वीजपुरवठ्यातून आणखी एक फसवा आवाज येतो. ट्रान्सफॉर्मर असलेला स्टॅबिलायझर किंवा इन्व्हर्टर १०० हर्ट्झवर गुणगुणतो आणि तो या ९० च्या इतका जवळ असतो की कानाला फरक कळत नाही. बॉक्सला दोष देण्याआधी स्टॅबिलायझर बंद करून ऐका.

मग ही परीक्षा करा. रात्री, टीव्ही बंद असताना, वायरी न काढता बॉक्स दोन्ही हातांनी फळीवरून अर्धा इंच वर उचला. डिस्क फिरत असते, तेव्हा झटका देऊ नका, अलगद. बॉक्स हवेत असताना घूं जवळजवळ नाहीशी झाली आणि टेकवताच परत आली, तर आवाज बॉक्सचा कमी आणि फर्निचरचा जास्त आहे. आमच्याकडे हेच झालं. हातात बॉक्स धरलेला असताना तळव्यांना बारीक मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवत होती, पण खोली शांत होती. खाली ठेवला की पोकळ प्लायचं अख्खं शोकेस बोलायला लागायचं. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर शेजारच्याला ऐकू जात नाही, भोपळ्यावर चढली की घर भरतं. टीव्ही युनिटचा खालचा बंदिस्त कप्पा हा असाच भोपळा असतो.

उचलूनही आवाज तसाच राहिला, तर खाली काहीही घातलं तरी फारसा फरक पडणार नाही. तुम्ही सरळ दुसऱ्या मार्गाचा विचार करा.

ज्या उपायात वेळ आणि पैसे घालवू नयेत असं मला वाटतं, तोही इथेच सांगतो. कप्प्याला आतून फोम किंवा थर्मोकोल चिकटवणं. ९० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी पावणेचार मीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या दहा फुटी हॉलच्या रुंदीपेक्षाही जास्त. इंचभर फोम तिला शोषू शकत नाही. आत उष्णता मात्र कोंडते. हार्ड डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश धरतात आणि एप्रिल-मेमध्ये बंद कप्प्यातला बॉक्स हाताला चटका देण्याइतका तापतो. कप्प्याला दार लावलं तरी तेच, वर रिमोट चालत नाही हे वेगळं.

मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपवरही विसंबू नका. बहुतेक अ‍ॅप कानाच्या संवेदनेनुसार आकडा दुरुस्त करतात आणि त्यात १०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे २० डेसिबलने कमी धरला जातो. अ‍ॅप म्हणेल शांत आहे, आणि हॉलमध्ये झोपणारे बाबा म्हणतील झोप येत नाही. मी बाबांचं प्रमाण मानलं.

पहिला मार्ग: बैठक

मऊ काहीतरी खाली घालायचं हे सगळ्यांना सुचतं, पण ‘मऊ’ म्हणजे किती, इथे गाडी अडते. वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात त्या रबराच्या चकत्या बाजारात मिळतात आणि लोक त्याच आणतात. त्या साठ-सत्तर किलोच्या यंत्रासाठी बनवलेल्या असतात. दीड-दोन किलोच्या बॉक्सखाली त्या दगडासारख्या वागतात.

हिशेब अवघड नाही. आधार वजनाखाली जितके मिलिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. उत्तर येतं ती त्या बैठकीची स्वतःची डोलण्याची गती, हर्ट्झमध्ये. हादरा त्या गतीच्या १.४ पटीहून वेगवान असेल तरच तो अडतो, त्याखाली उलट वाढतो. रबर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं दबलं तर गती येते ५० आणि ९० चा हादरा जेमतेम निम्म्यावर येतो. पूर्ण एक मिलिमीटर दबलं तर गती १६ च्या आत येते आणि कागदावर तरी शंभरातले तीनच भाग खाली पोचतात. प्रत्यक्षात रबर आणि फोम थोडे ताठ वागतात, वायरींतूनही हादरा निसटतो, तेव्हा इतकं सुख मिळत नाही. पण दिशा हीच. आणि कडक रबर मिलिमीटरच्या शतांशांत दबतं, म्हणून चकत्या घातल्यावर आवाज वाढला असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवा.

हवाई चप्पलचे तुकडे, सायकलची ट्यूब, योगा मॅटची पट्टी, माउसपॅड, यांतलं जे जे हाताशी होतं ते मी घालून पाहिलं. चप्पल आणि ट्यूब यांनी फरक जाणवला नाही. योगा मॅटने थोडा. भांडी घासायचा कोरा स्पंज चांगला निघाला, पण बॉक्स हलका आणि मागून डिशची जाड वायर ताठ, त्यामुळे बॉक्स एका बाजूला कलायचा.

खरा उपाय ठरला वजन वाढवण्याचा. फरशीवाल्याकडून कडप्प्याचा फूटभर चौकोन कापून आणला, कडा घासून घेतल्या. पाऊण इंच जाडीचा असा तुकडा पाचेक किलोचा भरतो. त्याच्याखाली गादीवाल्याकडून आणलेला इंचभर जाडीचा, जरा घट्ट फोम, कडप्प्यापेक्षा बोटभर आत कापलेला. वर कडप्पा, आणि कडप्प्यावर बॉक्स त्याच्या स्वतःच्या पायांवर. बोटाने कडप्प्याचा कोपरा दाबला की तो दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन सावकाश वर येतो, तसा यायला हवा. फोम पूर्ण चेपून बसला तर उपयोग नाही. बॉक्सच्या खालची हवेची भोकं मोकळी राहतात, कारण बॉक्स दगडावर आहे, फोममध्ये रुतलेला नाही.

वायरींकडे लोक दुर्लक्ष करतात. एचडीएमआय आणि डिशची केबल ताणलेली असेल तर हादरा तिच्यातून शोकेसच्या मागच्या प्लायवर जातो. दोन्हींना वीतभर ढिलं वळण ठेवा आणि ते वळण कशालाही टेकू देऊ नका. माझ्याकडे दगड-फोम झाल्यावरही जो थोडा आवाज उरला होता तो डिशची केबल प्लायच्या भोकाच्या कडेला घासत होती तिथून येत होता. भोक मोठं करून घेतल्यावर तो गेला.

एवढं केल्यावर फरक मोठा पडतो, हे मी आवर्जून सांगतो. शोकेसवर तळहात ठेवला तर काही जाणवत नाही. दिवसा, संध्याकाळी, टीव्हीचा आवाज कमी ठेवला तरी, बॉक्स आहे हे कळत नाही. खर्च दोन-अडीचशेच्या घरात. बॉक्स बदलायचा नाही, रेकॉर्डिंग जायची नाहीत, घरच्यांना नवा रिमोट शिकवायचा नाही. ज्यांच्या हॉलमध्ये रात्री कुणी झोपत नाही त्यांनी इथेच थांबावं असं मला मनापासून वाटतं.

जे खटकत राहिलं

आता मुख्य मुद्दा. हा बॉक्स रिमोटने बंद केला तरी बंद होत नाही. दिवा तांबडा होतो, चित्र जातं, डिस्क फिरत राहते. पहाटे एखादं रेकॉर्डिंग लावलेलं असेल, रात्रीतून सॉफ्टवेअर यायचं असेल, म्हणून तो जागाच असतो.

उन्हाळ्यात हे लपून जातं. सिलिंग फॅन चारवर असतो, त्याच्या घरघरीत डिस्कची घूं बुडते. पावसाळ्यातही तसंच. पण दिवाळीनंतर पुण्यात थंडी पडते, फॅन बंद होतो, खिडक्या लागतात आणि खोलीत दुसरा कुठलाच आवाज उरत नाही. कडप्पा-फोम घालून फर्निचरचा आवाज गेला होता, पण बॉक्सच्या स्वतःच्या पत्र्यातून हवेत जाणारा जो थोडासा आवाज उरतो, तो तेवढाच पुरतो. त्यात उशी नेहमी भिंतीलगत असते, आणि असे जाड आवाज भिंतीपाशी, विशेषतः कोपऱ्यात, जास्त साचतात. हॉलच्या मध्यभागी उभं राहून मला काही ऐकू येत नसे. बाबांच्या दिवाणावर आडवं होऊन उशीला कान लावला की स्पष्ट ऐकू येई. दिवाण हातभर ओढून पाहिला, फरक पडला, पण मग बाल्कनीचं दार उघडेना.

‘बोर्डाचं बटण बंद कर की’, हा सल्ला सगळे देतात. तो आम्ही अमलात आणून पाहिला. बाबा झोपताना बटण बंद करायचे. सकाळी बटण दाबलं की बॉक्स उठायला, सिग्नल शोधायला, चॅनलची यादी आणायला चांगली काही मिनिटं घ्यायचा. हे चालून गेलं असतं. पण पहाटेचं रेकॉर्डिंग होत नसे. ऑस्ट्रेलियातली कसोटी आपल्या पहाटे सुरू होते, नेमकी थंडीतच, म्हणजे ज्या दिवसांत आवाज टोचतो त्याच दिवसांत मला रेकॉर्डर रात्रभर चालू हवा. बाबांची झोप की माझी मॅच, असा तो प्रश्न रोज रात्री समोर यायचा. बाबा काही बोलत नसत, ‘राहू दे चालू’ म्हणत, आणि सकाळी डोळे चोळत उठत. मला ते पाहवेना.

याच एका गोष्टीने निर्णय झाला. आवाज किती कमी झाला हे महत्त्वाचं राहिलंच नाही. मला रात्री काहीही न फिरणारा रेकॉर्डर हवा होता.

बॉक्स उघडून आतली डिस्क काढायची आणि एसएसडी, म्हणजे काहीही न फिरणारी चिपवरची डिस्क, बसवायची, हा विचार तुमच्याही मनात येईल. बॉक्स बऱ्याचदा कंपनीच्या मालकीचा किंवा वॉरंटीतला असतो, सील तुटलं की पुढची जबाबदारी आपली. शिवाय बॉक्स अनोळखी डिस्क स्वीकारेल याची खात्री नाही. ज्यांना हे जमतं त्यांनी करावं, मी ते तुलनेत धरलेलं नाही.

दुसरा मार्ग: डिस्क बाहेर

युएसबीवर रेकॉर्डिंग करणारे एचडी बॉक्स आपल्याकडे नवे नाहीत. डिश टीव्ही आणि डी२एच यांनी ते पूर्वीपासून दिले. फक्त मागे युएसबीचं भोक दिसलं म्हणजे रेकॉर्डिंग होतंच असं नाही. काहींत ते भोक नुसतं दुरुस्तीवाल्यासाठी असतं. घेण्याआधी बॉक्सच्या मेनूत रेकॉर्डिंगचं पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, दुकानदाराच्या ‘होतं हो सगळं’वर जाऊ नका.

बाहेर काय लावायचं, यात तीन पर्याय. पेनड्राइव्ह मी सुचवणार नाही. एचडी चॅनल तासाला तीन-साडेतीन जीबी लिहितं, तेही न थांबता. पेनड्राइव्ह तापतो, लिहिण्याचा वेग पडतो आणि नेमक्या षटकारावर चित्र अडखळतं.

अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क हा मधला मार्ग. तीही ५४०० फेऱ्यांनीच फिरते, म्हणजे सूर तोच. पण तिच्या आतल्या तबकड्या लहान, तिचं वजन पाव किलोच्या आत, आणि मुख्य म्हणजे ती मोठ्या पत्र्याच्या डब्याला स्क्रूने घट्ट आवळलेली नसते. स्पंजच्या तुकड्यावर ठेवली की तिचा आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागतो. काम नसलं की यातल्या बऱ्याच डिस्क काही मिनिटांनी आपोआप थांबतात. एक अडचण विजेची आहे. युएसबी २.० चं भोक नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं आणि डिस्क सुरू होतानाचा पहिला हिसका त्याहून जास्त मागतो. डिस्क टक-टक करते आणि बॉक्सला दिसतच नाही, तेव्हा डिस्क बिघडली असं समजून दुकानात धावू नका. स्वतंत्र अडॅप्टर असलेला युएसबी हब मध्ये लावा.

तिसरा पर्याय एसएसडी. युएसबीच्या डबीत बसवलेली साधी, साटा प्रकारची एसएसडी. हिच्यात फिरणारं काहीच नाही, तेव्हा आवाजाचा विषयच संपतो. सुरुवातीचा हिसकाही नाही, म्हणून माझ्या बॉक्सच्या भोकावर ती हबशिवाय चालली. रोजच्या लिहिण्याने ती झिजून जाईल अशी भीती लोक घालतात. हिशेब करून पाहा. दिवसाला सहा तास एचडी रेकॉर्डिंग धरलं तरी वर्षाला आठ टीबीच्या आसपास लिहिलं जातं. ५०० जीबीच्या एसएसडीला नावाजलेल्या कंपन्या साधारण शंभर ते तीनशे टीबीची हमी देतात. म्हणजे बारा वर्षं तरी झिजण्याची काळजी नको, तोवर बॉक्स टिकला तर खूप. फक्त मेनूत चालू कार्यक्रम थांबवण्याची सोय वेगळी बंद करता येत असेल तर ती बंद ठेवा, नाहीतर तुम्ही नुसता टीव्ही बघत असतानाही लिहिणं चालू राहतं.

मी एसएसडी घेतली. थंडीच्या रात्री फॅन बंद असताना उशीला कान लावून ऐकलं, घड्याळाची टिकटिक ऐकू आली. बाबांनी आपणहून काही म्हटलं नाही, पण झोपताना बोर्डाकडे हात नेण्याची त्यांची सवय हळूहळू सुटली. मोजमाप म्हणून माझ्याकडे एवढंच आहे.

आता या मार्गात काय सोसावं लागतं तेही ऐका, कारण ते कमी नाही. आतल्या डिस्कचे रेकॉर्डर सहसा दोन ट्यूनरचे असतात. आई एक मालिका बघत असताना दुसरीकडचं काही रेकॉर्ड होऊ शकतं. साध्या बॉक्सला बहुधा एकच ट्यूनर असतो, म्हणजे जे लागलेलं आहे तेच रेकॉर्ड होतं. आमच्याकडे संध्याकाळी साडेसात ते दहा या वेळात यावरून कुरबुर झाली. शेवटी आईची मालिका थेट आणि माझं जे काही असेल ते पहाटेचं किंवा दुपारचं, अशी वाटणी बसली. तुमच्या घरात एकाच वेळी दोन चॅनलची गरज रोजची असेल, तर माझा कल बाजूला ठेवा आणि कडप्पा आणा.

डिस्क जोडताना बॉक्स तिला आपल्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि आधीचं सगळं पुसतो. लग्नाचे फोटो असलेली डिस्क चुकूनही लावू नका. रेकॉर्डिंग सांकेतिक स्वरूपात असतं आणि त्याच बॉक्सवर चालतं. संगणकाला जोडून काही दिसत नाही, मामाकडे नेऊन दाखवता येत नाही. आतल्या डिस्कचंही तसंच होतं, पण तिथे डिस्क डोळ्यांना दिसत नसल्यामुळे ती अपेक्षाच कुणी ठेवत नाही. ज्यांना फक्त सह्याद्रीवरचं जपून ठेवायचं आहे त्यांच्यासाठी डीडी फ्री डिशचा बाजारात मिळणारा साधा, युएसबीवाला बॉक्स जास्त उपयोगाचा. त्यावरची बहुतेक चॅनल सांकेतिक नसतात, त्यामुळे रेकॉर्ड झालेली फाइल संगणकावरही चालते.

आणि वीज. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली की बाहेरच्या डिस्कवरची मांडणी बिघडू शकते आणि बॉक्स फॉरमॅट करायला सांगतो. माझ्याकडे एकदा असं झालं, जपून ठेवलेली एक पूर्ण मैफल गेली, ती परत मिळाली नाही. त्यानंतर राउटरला लावतात तसला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मी बॉक्सला लावला. बॉक्सच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात, ते यूपीएसशी जुळतात का आणि पिन बसते का, एवढं पाहून घ्या. आतल्या डिस्कचे रेकॉर्डर वीज गेली तरी बहुधा सावरतात, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

खर्चात पहिला मार्ग अर्थातच स्वस्त. दुसऱ्यात नवा बॉक्स, एसएसडी, डबी, यूपीएस धरून काही हजार जातात. ज्यांचं भाड्याचं घर आहे, वर्षा-दोन वर्षांत बदलायचं आहे, त्यांनी आत्ता दगड-फोमवर भागवून नव्या घरात टीव्ही कुठे आणि झोपायची जागा कुठे हे ठरल्यावर पुढचा विचार करावा. घर आपलं असेल, हॉलमध्ये आईवडील झोपत असतील आणि वय झालेल्या माणसाची झोप आधीच हलकी असेल, तर मी पैशाचा विचार मागे टाकेन.

ठरवण्याआधी परीक्षा थंडीत घ्या, किंवा निदान फॅन बंद करून रात्री बारानंतर, जो झोपतो त्याच्याच जागी आडवं होऊन. स्वतःच्या खोलीत उभं राहून ‘मला तर काही ऐकू येत नाही’ म्हणू नका.

आणि दुसऱ्या मार्गाने जायचं ठरलं तर जुना रेकॉर्डर लगेच परत देऊ नका. त्यातलं रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर येत नाही, आणि वर्गणी बंद झाली की जुन्यावरही बहुधा उघडत नाही. घरच्यांना त्यातलं काय पुन्हा पाहायचं आहे ते विचारा, रिचार्ज संपायच्या आत एखाद्या रविवारी बसून बघून घ्या, मग डिशवाल्याला बोलवा. आमच्या आईने त्या शेवटच्या आठवड्यात दोन मालिकांचे शेवटचे भाग पुन्हा पाहिले आणि मगच बॉक्स काढू दिला.